गरिबी बघायला पोरांना गडचिरोलीला कशाला पाठवायचं?

डिचोलकार (धागाकर्ता):

परवा इथं एकानं लिहिलं आणि त्याला धडाधड अंगठे पडले. म्हणणं असं, की विशीतल्या प्रत्येक पोराला महिना-दोन महिने देशातल्या गरीब मुलुखात फिरवून आणा, त्याचं राजकारण आपोआप माणुसकीचं होतं. दाखले कुणाचे, तर चे गव्हेरा आणि महात्मा गांधी. तिथंच उत्तर लिहायला बसलो होतो, ते लांबत गेलं म्हणून हा वेगळा धागा.

आधी चे. १९५२ साली मित्राबरोबर मोटारसायकलीवरून दक्षिण अमेरिका पालथी घातली, चिलीतली तांब्याची खाण बघितली, पेरूत कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहिला आणि क्रांतिकारक होऊन परतला. टी-शर्टावर छापायला झकास गोष्ट आहे. पण त्याच गाडीवर आल्बेर्तो ग्रानादो पण होता ना? तेच रस्ते, तीच खाण, तेच रोगी. तो पुढं क्यूबात बायोकेमिस्ट्री शिकवत राहिला आणि २०११ साली म्हातारा होऊन वारला. एकानं बंदूक घेतली, दुसऱ्यानं खडू. मग प्रवासानं नेमकं काय घडवलं? आणि १९५९ साली हवानाच्या ला काबान्या किल्ल्यात माणसांना उभं करून गोळ्या घातल्या, तेव्हा त्या किल्ल्याचा प्रमुख हाच चे होता, हे लेखकमहाशयांनी का गाळलं?

गांधीजींचं म्हणाल तर गोखल्यांनी त्यांना १९१५ साली वर्षभर देश बघा, तोंड बंद ठेवा असं सांगितलं हे खरं. पण तेव्हा गांधीजी ४५ वर्षांचे होते. दक्षिण आफ्रिकेत लढे देऊन, तुरुंग भोगून आलेले. ते राजकारण घेऊन फिरायला गेले, राजकारण मिळवायला नव्हे.

आता मला एवढी चीड का, ते सांगतो. माझी भाची गडचिरोलीला राहून आली. तेव्हापासून आमच्या घरात जेवण शांतपणे होत नाही. शीत-कडी वाढली की सूरजागड सुरू. तिथल्या लोखंडाच्या खाणीनं माडिया आदिवासींचं काय केलं, खनिजाच्या ट्रकांनी रस्त्याची काय दशा केली, धुळीनं पिकं कशी गेली. अगो बाय, तुझी कॉलेजची फी कशावर भरली? तुझ्या पप्पाचे खनिज वाहायचे दोन टिप्पर होते, माझे तीन. २०१२ ला आपल्या गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा माझ्या दारात गंजत उभे होते ते. बँकेचे लोक घरी येऊन बसायचे. त्या वेळी ही चौथीत होती, तिला आठवत नसेल.

हजार किलोमीटरवरचा माडिया दिसतो, आणि घराशेजारचा टिप्परवाला शोषक दिसतो. दूरच्या गरिबाचा कळवळा स्वस्त पडतो, कारण त्याचं घर आपल्याला चालवायचं नसतं. एवढंच माझं म्हणणं. आता झोडा.

फोंडेकरीण:

डिचोलकार बाब, झोडते.

ग्रानादोला तुम्ही बिचारा मास्तर करून सोडलंत. तो १९६१ साली आपण होऊन क्यूबात गेला, तिथल्या सांतियागोला वैद्यकीय महाविद्यालय उभारण्यात त्याचा हात होता आणि मरेपर्यंत तो क्यूबाच्या क्रांतीच्याच बाजूनं राहिला. म्हणजे दोघांचं राजकारण एकच, कामं वेगळी. तुमचाच दाखला तुमच्यावर उलटला.

दुसरं, ती नॉर्टन मोटारसायकल चिलीतच मोडून पडली. तोवर दोघं हुंदडत होते. फुकट जेवण, पोरींच्या मागं लागणं, पेपरात स्वतःची बातमी छापून आणणं, सगळं झालं. गाडी गेल्यावर ट्रकांना हात दाखवत जावं लागलं आणि मग शेजारी मजूर येऊन बसायला लागले. चुकिकामाता खाणीच्या वाटेवर एक खाण-कामगार आणि त्याची बायको त्यांना भेटली. तो कम्युनिस्ट म्हणून तुरुंगात जाऊन आलेला, कुठंच काम मिळेना म्हणून डोंगरातल्या गंधकाच्या खाणीकडं निघालेला. वाळवंटात रात्रीची थंडी आणि त्या जोडप्याकडं एक पांघरूण नाही. शेजारी जगातली मोठ्यात मोठी तांब्याची खाण, मालक अमेरिकेतली आनाकोंडा कंपनी. हे हवाबंद गाडीतून दिसत नाही. तेव्हा मुद्दा फिरण्याचा नाही, कसं फिरलात याचा आहे.

आणि तुम्ही दाखले देताना नेहरूंना विसरलात. १९२० साली ते ३० वर्षांचे होते, आई आणि बायकोच्या तब्येतीसाठी मसुरीत राहिले होते. त्याच हॉटेलात अफगाण शिष्टमंडळ उतरलेलं, म्हणून सरकारनं यांना मसुरी सोडायला लावली. अलाहाबादेला परतले, तर प्रतापगडचे शेतकरी पायी चालत शहरात आलेले. आमच्याबरोबर चला, तालुकदार, म्हणजे तिथले जमीनदार, काय करतात ते बघा, म्हणून हट्ट धरून बसले. नेहरू गेले. तोवर शेतकरी म्हणजे काय हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं पुढं त्यांनीच लिहून ठेवलंय. आणि त्या शेतकऱ्यांचा पुढारी कोण? बाबा रामचंद्र. ग्वाल्हेरकडचा मराठी माणूस, फिजीत गिरमिटिया, म्हणजे करारानं बांधलेला मजूर, म्हणून राबून आलेला, तुलसीदासाच्या चौपाया म्हणत माणसं गोळा करणारा. त्याचं राजकारण कुठं घडलं असेल, घरी बसून?

तुमची भाची जेवताना बोलते हा त्रास आहे की ती जे बोलते ते लागतं हा, ते आधी ठरवा.

अंत्रुजकर:

दोन्ही बाजू वाचनीय. पण या चर्चेत एक गोष्ट राहिली. गोव्यातली मुलं बाहेर जाऊन बिघडतात की सुधारतात हा प्रश्न दुय्यम आहे, मुळात ती मराठी शाळेत जात नाहीत. १९८७ च्या राजभाषा कायद्यानं मराठीला जे दुय्यम स्थान दिलं त्याची फळं आपण भोगतोय. मी ३२ वर्षं मुख्याध्यापक होतो...

फोंडेकरीण:

सर, पाया पडते, या धाग्यावर नको. राजभाषेसाठी तुमचे चार धागे आधीच उघडे आहेत.

अंत्रुजकर:

म्हणजे पाचवा चालेल.

पलामू-रिटर्न:

मी बँकेत होतो. नोकरीच्या सुरुवातीलाच बदली झाली पलामूला, तेव्हा ते बिहारात होतं. म्हापशातून निघालो तेव्हा मी कट्टर लोहियावादी. खिशात पैसे नसले तरी १८ जूनला, लोहियांच्या भाषणाच्या दिवशी, मडगावच्या मैदानावर जाणारच, असला. सरकारनं गरिबाच्या हातात पैसा दिला की गरिबी हटते, याबद्दल मनात तीळभर शंका नव्हती.

तिथं आयआरडीपी या सरकारी ग्रामविकास योजनेची कर्जं वाटायचं काम आलं. गरिबाला म्हैस द्यायची, अर्धंमुर्धं अनुदान, बाकी कर्ज. मी गावोगाव पाहणीला जायचो. एका गावात म्हैस बघितली, कागदावर सही केली, पुढच्या गावात गेलो तर तीच म्हैस तिथं येऊन उभी. कान तोच कापलेला. पाचव्या दारात तर ती मला ओळखायला लागली होती. कर्जदार हात जोडून उभा, त्याला ठाऊकही नाही की आपण किती हजारांचं देणेकरी आहोत. पैसे मुखिया, दलाल आणि आमच्याच शाखेतला एक जण यांच्यात वाटले गेलेले. मी वर लिहून कळवलं, तर मलाच समज मिळाली.

माणसं इतकी गरीब, की वेठबिगारीतून सुटलेला एक म्हातारा पुन्हा मालकाच्या ओसरीवर जाऊन बसायचा, कारण तिथं निदान सत्तू मिळायचा. ते सगळं बघून मी परतलो तो सरकारी योजना, समाजवाद, अनुदान या शब्दांवरून मन उडालेला. रस्ता करा, वीज द्या, कारखाना येऊ द्या आणि बाजूला व्हा, हे माझं मत तिथं झालं ते आजतागायत. माझी मुलं मला उजवा म्हणतात. म्हणोत.

तेव्हा फोंडेकरीण बाई, गरीब मुलूख बघून माणूस बदलतो हे कबूल. कुठल्या बाजूला वळेल याची हमी तुम्ही कशी देता?

फोंडेकरीण:

हमी मी कुठं दिली? पण तुम्ही सांगताय त्यातही चोर मुखिया आणि दलाल होते. त्यावरून तुम्ही शिकलात काय, तर सरकार वाईट. मुखिया गावातला जमीनदारच असणार ना? त्याच्याकडून जमीन काढून घ्यावी असं नाही का वाटलं? आपल्याकडं कूळ कायदा १९६४ साली आला, भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जागेत घर करून राहणाऱ्यांसाठी मुंडकार कायदा १९७५ साली. अंमल रखडत, खटले घालत झाला, पण भाटकाराची अंगणातली मिजास त्यानंच उतरवली. रस्त्यानं आणि विजेनं नाही.

पलामू-रिटर्न:

म्हैस तुम्ही बघितली नाही, मी बघितली.

म्हापशेकार:

गडचिरोली, पलामू, बोलिव्हिया! अरे पलामू आता इथंच आलाय. झुआरीनगरला जा, चिंबलला जा, मोती डोंगरावर जा. आमची पोरं गरीब मुलूख बघायला तिकडं आणि तिथला गरीब मुलूख मतदारयादीत नाव घालायला इकडं. भायल्यांनी, बाहेरून आलेल्यांनी, आमचे पंच निवडून आणायचे, आणि आम्ही माणुसकी शिकायची. गोवेकर पोरगा नोकरीसाठी पोर्तुगालचा पासपोर्ट काढून लंडनला बर्गर विकतोय, त्याच्याबद्दल कुणी धागा काढला?

बेतूलवयलो:

म्हापशेकार पात्रांव, तुम्ही बांगडा खाता काय? खात असाल तर थोडं ऐका.

कुटबणच्या जेटीवर माझ्या मामाचा ट्रॉलर आहे. त्यावर एक गोंयकार दाखवा, मी तुम्हाला वर्षभर सुंगटं (कोळंबी) फुकट देतो. झारखंड, ओडिशा, छत्तीसगडची पोरं. दहा-बारा जण एका बोटीवर झोपतात, तिथंच रांधतात. जेटीवर धड संडास नव्हते, पिण्याचं पाणी नव्हतं. २०२४ साली कॉलरा झाला. कॉलरा! ज्या गोव्यात दरडोई उत्पन्नाचा एवढा डंका पिटतात तिथं. मजूर मेले, तेव्हा कुठं अधिकारी धावत आले आणि पाण्याचे नमुने घ्यायला लागले. मेलेल्यांचं गाव कुठलं हे आमच्यातल्या कितीकांना ठाऊक आहे?

मला विचाराल तर डिचोलकार बाबांचं अर्धं पटतं. गरिबी बघायला रेल्वेचं तिकीट काढायची गरज नाही, बेतूलपर्यंत कदंबाची बस येते. पण ते म्हणतात तसं जवळचं आपोआप दिसत नाही. मी लहानपणापासून जेटीवर आहे. मला ती पोरं दिसलीच नव्हती, आवाज फक्त यायचा. एकदा त्यातल्या एकाच्या लग्नाला सिमडेग्याला गेलो. गावात एक तरणा पुरुष नाही. शेतं ओसाड नाहीत, चांगली भातशेती आहे, पण पाऊस सरला की काम नाही. तो घरात मला खुर्ची देऊन स्वतः खाली बसला. जेटीवर हाच मला बघून नुसता बाजूला सरकायचा. परत आल्यावर मामाशी पगारावरून माझं भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही.

म्हापशेकार:

लग्नाला गेलात, छान. मतदानाला ते इथं येतात त्याचं काय?

बेतूलवयलो:

कवी बाकीबाब बोरकर असते तर तुमच्यावर विडंबन लिहिलं असतं. तुमचे आजोबा मुंबईला धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गोंयकारांच्या खोल्यांत, नाही तर गिरगावातल्या चाळीत राहिले असतील ना? तिथं त्यांना कुणी भायलो म्हटलं असेल तर तुम्हाला कसं वाटलं असतं?

म्हापशेकार:

माझ्या आजोबांपर्यंत जायचं काम नाही. ते मुंबईत मतदारयाद्या भरत नव्हते, धोतरं धूत होते गुजरात्यांची. वैयक्तिक बोलायचं असेल तर मलाही बोलता येतं, तुमच्या मामाच्या ट्रॉलरवर बंदी असलेली एलईडी लाईटची मासेमारी चालते ते सगळ्या साष्टीला ठाऊक आहे.

बेतूलवयलो:

पुरावा आण, नाही तर शब्द मागं घे.

डिचोलकार:

अरे बाबांनो, हा माझा धागा आहे.

हिरवो:

धागा तुमचा, मग उत्तरही तुम्हीच द्या. "खाणी बंद पडल्या" असं तुम्ही लिहिलंत, पाऊस पडतो तशा पडल्या काय? बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारनं थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं. एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयानं सरळ म्हटलं की सगळ्या लीजांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपली होती. म्हणजे मधली पाच वर्षं जे काढलं ते बेकायदा. २०१८ ला पुन्हा ८८ लीजं रद्द, कारण निकाल धाब्यावर बसवून तीच माणसं, तीच लीजं नूतनीकरण करून घेतली होती. तुमचे टिप्पर न्यायालयानं गंजवले नाहीत, मालकांच्या हावेनं गंजवले. भाची हे बोलत असेल तर ती गडचिरोलीत नव्हे, पेपर वाचून शहाणी झालीय.

डिचोलकार:

आले. एनजीओवाले आलेच. एसीत बसून रिट घालायची, आम्ही टायरचे हप्ते फेडायचे.

तुम्ही २००७ सांगता, मला कायदा शिकवू नका, मी ते निकालपत्र विकत घेऊन वाचलंय. मी सामान्य ट्रकवाला. लीज वैध की अवैध हे मी गेटावर विचारायचं होतं? सरकार रॉयल्टी घेत होतं, पावती देत होतं, पोलीस एस्कॉर्ट देत होते. चूक मालकाची आणि सरकारची, शिक्षा कुणाला? मालकाचं एक घर विकलं गेलं? माझी बायकोची बांगडी गेली. बार्जवाले, गॅरेजवाले, उसगावच्या नाक्यावरचा भजी-पाववाला, सगळे बसले. खाणपट्ट्यात त्या वर्षांत किती लग्नं मोडली ते कुठल्या आयोगानं मोजलं?

हिरवो:

आणि शिरगावच्या विहिरी कुणी मोजल्या? खाण समुद्रसपाटीच्या खाली गेली, विहिरी आटल्या, टँकरवर गाव. पिसुर्ल्याची शेतं गाळानं भरली. सोनशीत धूळ असह्य झाली म्हणून लोकांनी ट्रक अडवले तर एप्रिल २०१७ मध्ये गावच्या बायाबापड्यांना तुरुंगात टाकलं. त्या ट्रकांच्या रांगेत तुमचे तीन नव्हते?

डिचोलकार:

होते. पुढं काय? फाशी द्या.

पलामू-रिटर्न:

हिरवो, तुम्ही न्यायालयानं निर्यातीवर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातल्याचं सांगितलं नाही. म्हणजे न्यायालयाला खाणी हव्या होत्या, शिस्तीत हव्या होत्या. विक्रीच्या दहा टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाका असंही म्हटलं होतं. मी याच्या बाजूनं आहे. मर्यादेत खाण, निधी वेगळा. बंदी हा गरिबाला उपाय नाही, हे मी पलामूत शिकलो.

हिरवो:

मर्यादा निर्यातीवर नाही, उत्खननावर आहे. बाकी निधीचं बोललात ते बरोबर. निदान एक वाक्य म्हशीशिवाय लिहिलंत.

फोंडेकरीण:

मूळ प्रश्न प्रवासाचा होता ना रे?

सांगेचो वेळीप:

मी इतका वेळ वाचत होतो. तुम्ही सगळे "गरीब मुलूख बघायला जाणं" असं बोलता. आम्ही त्या मुलखात राहतो. आमच्याकडं दर हिवाळ्यात कॉलेजचे कॅम्प येतात. पोरं येतात, एक बंधारा घालतात, आमच्या बायांना धालो हा नाच खेळायला सांगतात, व्हिडिओ काढतात, जातात. कुणी विचारत नाही की वनहक्क कायदा २००६ चा आहे आणि आमच्या जमिनीचे दावे अजून का लटकलेत. गावडा, कुणबी, वेळीप २००३ साली अनुसूचित जमातींत आले, त्यानंतर हक्क अमलात आणा म्हणून सांगायला २०११ साली बाळ्ळीला लोक रस्त्यावर उतरले. २५ मे. आमची दोन पोरं जळून मेली. माझं राजकारण त्या दिवशी झालं. मी तेव्हा मडगावच्या पलीकडं कुठं गेलोही नव्हतो.

आणि हिरवो भाऊ, खाण बंद झाली तेव्हा तुम्ही फटाके वाजवलेत. आमच्या वाड्यावरचे चौघे मशीनवर कामाला होते, ते आता शॅकवर ग्लास धुतात. आमच्याकडं कुणी विचारायलाच आलं नाही, खाण हवी का नको. मालकानं पण नाही, तुम्ही पण नाही.

हिरवो:

फटाके कुणी वाजवले नाहीत.

सांगेचो वेळीप:

पेढे वाटले होते. मला मिळाला होता एक.

फोंडेकरीण:

वेळीप बाब, एक विचारू? बाळ्ळीला तुमच्याबरोबर बाहेरचं कुणीच नव्हतं? कॅम्पला आलेल्यातलं एखादं पोरगं मागं राहिलं असेल, अर्ज लिहून द्यायला, कायदा वाचून दाखवायला?

सांगेचो वेळीप:

एक मुलगी होती. आमच्याकडं राहून वनहक्काचे फॉर्म भरून द्यायची. आता ती वकील आहे. तुम्हाला जिंकल्यासारखं वाटत असेल तर वाटू द्या. शंभरात एक.

म्हापशेकार:

ती मुलगी गोव्याचीच असेल. भायली नसेल.

सांगेचो वेळीप:

सोलापूरची.

मामाची भाची:

मी तीच, गडचिरोलीला राहून आलेली. मामा, तू इथं लिहितोस हे मला माझ्या मैत्रिणीनं स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा कळलं. नाव घातलं नाहीस त्याबद्दल देव बरें करूं.

तुम्ही सगळ्यांनी मी चे गव्हेरा होऊन आले असं धरलंय. मी जास्त दिवस राहिले ते मेंढा-लेखाला, धानोरा तालुक्यात. तिथं दया येण्यासारखं काही नव्हतं, उलट मला लाज वाटली. त्या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, १,८०० हेक्टरांच्या आसपास जंगल. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा पास ग्रामसभेच्या हातात आला, आता बांबू गाव स्वतः विकतं. निर्णय मतदानानं होत नाहीत, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा चालते. मी बसले होते एका सभेत. एक म्हातारी अडून बसली होती म्हणून कंत्राट आठवडाभर थांबलं. "आमच्या गावात आम्हीच सरकार" हे वाक्य तिकडं भिंतीवर आहे, पण ते खरंच तसं वागतात आणि ते फार कंटाळवाणं असतं. तासन्‌तास हिशेब वाचतात.

सूरजागड नंतर बघितलं. नक्षलवाद्यांनी २०१६ ला तिथले ट्रक जाळले होते, त्यामुळं आता खाणीला पोलिसांचा पहारा. मामा, तू म्हणतोस मला टिप्परवाला शोषक दिसतो. एटापल्लीच्या रस्त्यावर चहाच्या टपरीवर मला एक ड्रायव्हर भेटला, मूळ झारखंडचा. मी गोव्याची म्हटल्यावर लगेच म्हणाला, उसगाव? पाळी? तो २०१८ पर्यंत आपल्याकडंच टिप्पर चालवत होता. मालकानं दोन पगार बुडवले तेव्हा निघून गेला. मालक कुठला ते मी विचारलं नाही, भीती वाटली म्हणून.

आणि आता खरं भांडण कशावरून झालं ते मी सांगते, कारण मामानं ते लिहिलेलं नाही. सूरजागडवरून नाही झालं. मागच्या रविवारी आपल्या पंचायतीच्या ग्रामसभेत मी उठून विचारलं, की जिल्हा खनिज फाउंडेशनचा किती पैसा आपल्या गावावर खर्च झाला आणि कशावर. तो निधी २०१५ च्या दुरुस्तीनं खाणबाधितांसाठीच आहे. सरपंच म्हणाले, पुढच्या सभेत सांगू. मी म्हटलं, इतिवृत्तात लिहून घ्या. सरपंच मामाचे मित्र. त्या रात्रीपासून जेवण शांतपणे होत नाही.

हिरवो:

क्या बात है.

डिचोलकार:

तुझ्या आईला सांगतो थांब, घरचं सगळं चव्हाट्यावर. सरपंच मित्र आहे म्हणून मी बोललो नाही, तू मामाला आधी विचारायचं होतंस. बँकेशी तडजोड झाली तेव्हा त्याच माणसानं माझ्यासाठी जामीन राहून सही केली होती, तुला ठाऊक आहे? तुझ्या मेंढा-लेखात अशा सह्या लागत नसतील.

मामाची भाची:

ठाऊक नव्हतं. तू कधी सांगितलं नाहीस. प्रश्न तरीही तोच आहे.

पलामू-रिटर्न:

बाय, एक सुचवतो. नुसती खर्चाची रक्कम मागू नकोस, कामनिहाय यादी माग, आणि प्रत्येक काम जाऊन बघ. रस्त्याचा एकच तुकडा दोन योजनांत दाखवलेला असतो. यातलं मला थोडं कळतं.

डिचोलकार:

म्हशीवाल्यांनी आमच्या गावात पडू नये.

सांगेचो वेळीप:

पुढची ग्रामसभा कधी? आमच्याकडं पण हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा. अर्जाचा मजकूर इथंच टाक, बाय, इनबॉक्सात नको.

म्हापशेकार:

ग्रामसभेला भायले मतदार येऊ शकतात का, ते पण विचारा.

मामाची भाची:

मजकूर टाकते उद्या, मामानं वायफायचा पासवर्ड बदलला नसेल तर.

डिचोलकार:

बदललाय.